गुरुजींची वॅगन-आर की हरियाणाची स्विफ्ट?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. थोडं आखडून देतो.

"दादा, मी कास्तकार माणूस. सहा एकर कोरडवाहू. आईला दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं. मागे एकदा रात्री अडीच वाजता अख्ख्या गावात कोणाची गाडी मिळेना, तेव्हाच ठरवलं की घरची गाडी पाहिजे. सोयाबीन विकून आणि जवळचे मिळून १ लाख ६० हजार हातात आहेत. तीन गाड्या पाहिल्या. अमरावतीला जुन्या गाड्या विकणाऱ्या एका कन्सल्टंटकडे २०१४ ची डिझेल स्विफ्ट आहे, हरियाणा पासिंग, सिंगल ओनर, मीटर ६८ हजार. २ लाख ३० हजार म्हणतो, वरच्या पैशांचं फायनान्स करून देतो. दुसरी आमच्याच गावच्या रिटायर गुरुजींची पेट्रोल वॅगन-आर. डिसेंबर २०१२ ची, मीटर ९२ हजार, किंमत १ लाख ३५ हजार. दाराला पोचा आहे, सीट फाटली आहे. तिसरी भाच्याने सुचवलेली शेवरले बीट, डिझेल, ७५ हजारात. घरचे सगळे स्विफ्टच्या मागे लागले आहेत. बैलाचे दात मला कळतात, गाडीचं काही कळत नाही. कोणत्या कंपनीची गाडी कमी बिघडते ते सांगा. आणि गुरुजींनी मला चौथीत शिकवलं आहे, त्यांच्याशी भाव कसा करू? गाडी बिघडली तर गावात रोज तोंड दाखवायचं आहे."

भाऊ, निकाल आधी सांगतो, कारणं मागून. स्विफ्ट सोडा. बीटचं नाव काढू नका. गुरुजींच्या वॅगन-आरला तुमच्या भरवशाचा मिस्त्री लावा, आणि त्याने मान हलवली तर तीही सोडून पुढच्या गाडीची वाट पाहा. पैसे तुमच्या खिशात आहेत, घाई विकणाऱ्याला असू द्या.

आता कंपनीचा प्रश्न. गाडी शोरूममधून निघते तेव्हा कंपनीला अर्थ असतो. बारा-तेरा वर्षांनी कंपनीचं नाव फक्त बोनेटवर उरतं. त्या वयात गाडी किती बिघडेल हे दोनच गोष्टी ठरवतात. मागच्या मालकाने ऑईल वेळेवर बदललं का, आणि बिघडल्यावर तिचा पार्ट दारव्ह्यात मिळतो का. तुमच्या भाच्याची बीट इथेच पडते. शेवरलेने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं, शोरूम गेले, त्यांच्यासोबत शिकलेले मिस्त्रीही दुसरीकडे गेले. बीट वाईट गाडी नव्हती. पण एखादा सेन्सर गेला तर तुम्ही नागपूरला फोन लावणार, दुकानदार 'मागवून देतो' म्हणणार, आणि आईच्या तारखेला गाडी गॅरेजच्या अंगणात उभी राहणार. ७५ हजारात मिळते म्हणजे विकणाऱ्यालाही हे ठाऊक आहे. फोर्डची फिगो कोणी दाखवली तर तिलाही जवळपास हेच लागू, त्यांनी २०२१ मध्ये इथला कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. तुमच्या बजेटमध्ये मारुतीच्या गाड्या बऱ्या म्हणतो त्याला मारुतीचं प्रेम कारण नाही. दिग्रस, नेर, आर्णी, कुठेही गाडी बंद पडली तरी तिचा फॅन बेल्ट दुकानात लटकलेला असतो, एवढंच.

स्विफ्टवर जरा जास्त बोलतो, कारण घरचे तिच्या मागे आहेत आणि ती दिसते खरंच देखणी.

हरियाणाची गाडी अमरावतीत का येते? दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश दिले. नंतर त्यात बरीच उलटसुलट झाली, पण तिकडच्या मालकाची धाकधूक गेली नाही. तिकडे मातीमोल झालेली गाडी ट्रेलरवर चढते आणि विदर्भात, मराठवाड्यात उतरते. यात बेकायदा काही नाही. पण तिकडच्या आरटीओचं फॉर्म २८ चं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, इथे पुन्हा नोंदणी करून यवतमाळचा एमएच २९ नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे वेगळा भरावा लागतो. डिझेलला हा दर पेट्रोलपेक्षा जास्त असतो. कन्सल्टंटच्या २ लाख ३० हजारांत हा टॅक्स आहे का? विचारून पाहा. 'ते आपण मागून पाहून घेऊ' असं उत्तर आलं, तर ते तुमच्याच खिशातून पाहिलं जाणार आहे.

मीटरचं म्हणाल तर, दिल्लीजवळचा माणूस डिझेल गाडी घेतो ती पळवायलाच. दहा-अकरा वर्षांत ६८ हजार म्हणजे वर्षाला सहा-साडेसहा हजार किलोमीटर. एवढंच फिरायचं असतं तर त्याने पेट्रोल घेतली असती. खरं असूही शकतं, पण मी त्यावर पैसे लावणार नाही. मीटर मागे करायला अर्धा तास पुरतो, पण माणसाचा पाय आणि हात जिथे रोज घासतात ती जागा मागे जात नाही. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर पाहा, गुळगुळीत झालेलं किंवा उलट कोरं करकरीत नवं असेल तर संशय घ्या. स्टीअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पाहा. मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीची सर्व्हिस झाली असेल तर कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर झाली याची नोंद त्यांच्याकडे असते. ती दाखवायला कन्सल्टंट टाळाटाळ करत असेल तर चहा पिऊन घरी या.

आणि डिझेलचा हिशेब तुम्हाला परवडतच नाही. सेवाग्रामची एक फेरी, दारव्हा-यवतमाळच्या चकरा, लग्नकार्य धरून महिन्याला ६०० किलोमीटर समजू. पेट्रोल वॅगन-आर १७ चा एवरेज देईल, म्हणजे ३५ लिटर, १०५ च्या भावाने ३,७०० रुपये. डिझेल स्विफ्ट २० चा देईल, ३० लिटर, ९२ च्या भावाने २,७६० रुपये. महिन्याला वाचले नऊशे-साडेनऊशे, वर्षाला अकरा हजार. ती स्विफ्टची १.३ लिटर मल्टिजेट मशीन मुळात फियाटची, चांगली मशीन आहे, याबद्दल वाद नाही. पण तिला चार इंजेक्टर आहेत, टर्बो आहे, हाय प्रेशर पंप आहे. पिंपात साठवलेलं पाणीमिश्रित डिझेल एकदा पोटात गेलं की त्या इंजेक्टरच्या एकाच कामात तुमची दोन-तीन वर्षांची बचत जाते. डिझेल त्याला, जो रोज शंभर किलोमीटर चालवतो.

फायनान्सचा कागद मी पाहिला नाही, पण १४ टक्के, १२ टक्के असं काही सांगितलं असेल तर 'फ्लॅट का?' एवढं विचारा. १ लाख रुपये, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३६ हजार, हप्ता ३,७७८. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतं. बँकेच्या भाषेत हे २१ टक्क्यांच्या आसपास पडतं. पीक कर्ज कोणत्या दराने मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि हप्ता दर महिन्याला येतो, आपलं पीक येतं वर्षातून एकदा. दोन हप्ते थकले की गाडी ओढून नेतात, मग तीच गाडी दुसऱ्या कन्सल्टंटच्या अंगणात 'सिंगल ओनर' म्हणून उभी राहते.

सगळे कन्सल्टंट असेच, असं मला म्हणायचं नाही. काही जण पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा इमानाने करतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद परिवहनच्या पोर्टलवर करावी लागते. ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, एवढं पाहायला लाजू नका.

आता गुरुजींची वॅगन-आर. शहरातल्या माणसाला जे पैसे देऊन मिळत नाही ते तुम्हाला फुकट मिळतंय. या गाडीचा इतिहास अख्ख्या गावाला माहीत आहे. गुरुजी कोणाकडे सर्व्हिसिंग करत, कधी टोचन लावून आणली, पोरगा सुटीत आला की कशी हाणायचा, दाराचा पोचा कसा पडला, सगळं. पंक्चरवाल्याला विचारा, टायर एकाच बाजूने झिजायचे का. ज्या मिस्त्रीकडे ती जात होती त्याला बाजूला घेऊन विचारा, इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, कधी दुरुस्तीला उतरवलं होतं का. गुरुजींनी शाळा आणि तालुका यापलीकडे फार नेली नसेल तर ९२ हजार मला खरे वाटतात. आणि फाटलेली सीट, दाराचा पोचा याने घाबरू नका. उलट विकायच्या आधी ज्याने गाडी रंगवून, सीट कव्हर टाकून, इंजिन डिझेलने धुऊन ठेवली आहे त्याला मी जास्त घाबरतो.

या गाडीत के१० इंजिन आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. त्यात इंजिनचा ताळमेळ राखणारा टायमिंगचा पट्टा नाही, चेन आहे, ही जमेची बाजू. जुन्या सँट्रोत, मारुती ८०० मध्ये, अल्टो ८०० मध्येही पट्टा असतो. तो कधी बदलला हे कोणाला आठवत नाही, आणि तुटला तर भर रस्त्यात गाडी बंद. चेन तुटत नाही, सैल होते आणि सैल झाली की बोलते. म्हणून गुरुजींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवून थंड आहे का पाहा. मग सुरू करायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. पहिल्या काही क्षणांत पुढून साखळी खळखळल्यासारखा आवाज आला आणि थांबला नाही तर चेनचं काम आहे. मागून निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येतेच, पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय. इंजिन चालू असताना ऑईल टाकायचं झाकण उघडून पाहा. आतून फकफक हवा आणि धूर येत असेल तर मिस्त्री म्हणेल 'बॅक कॉम्प्रेशन हाय', म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी आणि ऑईल एक होत आहे, तिथेच थांबा.

मग रेडिएटर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश काही बातमी राहिलेली नाही, आणि आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांचा खरा मारेकरी तोच. बहुतेक लोक कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरतात. तिकडे दर्यापूर, अकोट, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यातली गाडी असेल तर रेडिएटर आतून क्षारांनी बुजलेला असतो. इंजिन थंड असतानाच झाकण उघडा, गरम असताना अजिबात नाही, चेहरा भाजतो. पाणी हिरवं किंवा गुलाबी असेल तर कोणीतरी कूलंट भरत होतं. गंजासारखं तांबडं असेल तर साधं पाणी भरत होतं, आणि त्याचा हिशेब आता निघेल. गाडी एसी लावून दुपारच्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. काटा मधल्यावर थांबला पाहिजे, पंखा लागून पुन्हा बंद झाला पाहिजे. पंखा लागलाच नाही तर आईला घेऊन देवळीच्या अलीकडे उभे राहाल. एसी गार करतो का हे त्याच वेळी कळतं. हिवाळ्यात गाडी घेणारे लोक एसी पाहतच नाहीत, आणि एप्रिलमध्ये कॉम्प्रेसर शोधत फिरतात.

चालवायला घ्या तेव्हा रेडिओ बंद, काचा खाली. भाच्याला मागे बसू द्या पण बोलू देऊ नका. चाळीसच्या वेगात चौथा गिअर टाकून एक्सिलेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तशीच राहिली तर क्लच प्लेट संपली. मग शाळेच्या ग्राउंडवर स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंनी गोल फिरवा, कटकट आवाज आला तर चाक फिरवणारा सीव्ही जॉइंट गेला. आपल्या काळ्या मातीत हे फार होतं. पांदणीतून गाडी नेली की चिखल चाकाच्या आत बसतो, वाळतो, सीव्ही जॉइंटचं रबरी बूट फाटतं, ग्रीस सांडतं आणि माती आत जाते. म्हणून गाडी जॅकवर चढवून खालून ते बूट नक्की पाहा, चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मची बुशं पाहा. गंजाचं फार टेन्शन घेऊ नका. आपली हवा कोरडी आहे. कोकणातली किंवा मुंबईची गाडी असती तर मी खालचा पत्रा आधी पाहा म्हटलं असतं.

आपण खालून पाहतच आहोत तर पुराच्या गाड्यांचंही सांगून टाकतो, गुरुजींच्या गाडीसाठी नाही, पण ती जमली नाही आणि तुम्ही नागपूरकडे वळलात तर. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. त्याआधी २०२० च्या ऑगस्टमध्ये वैनगंगेच्या पुराने भंडारा-गोंदियाकडे तेच केलं होतं. त्यातल्या बऱ्याच गाड्या वाळवून, धुऊन, अत्तर मारून बाजारात आल्या. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण ओढून काढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. ती धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. सीटखालची सळी गंजलेली, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू, हेडलाइटच्या आत पाण्याचा डाग. आणि दरवाज्याचं रबर ओढून काठ पाहा. कंपनीच्या वेल्डिंगचे टिपके एका अंतरावर असतात, डेंटरने केलेले कसेही असतात. सगळ्या काचांवर छोट्या अक्षरांत साल असतं, एखादीचं साल वेगळं असेल तर ती का बदलली ते विचारा.

उंदराचा उल्लेख कोणी करत नाही म्हणून मी करतो. गाडी कुटाराच्या ढिगाशेजारी, गोठ्याला लागून उभी असते. उंदीर वायरिंग कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. बोनेट उघडल्यावर तुरीची टरफलं, कापसाच्या पुंजक्या दिसल्या तर मिस्त्रीला वायरिंग हार्नेस नीट पाहायला सांगा. टेपने गुंडाळलेली वायर म्हणजे आधी एकदा कुरतडून झालेली.

मिस्त्री कोणता घ्यायचा? जो पुढे तुमचीच गाडी दुरुस्त करणार आहे तो. त्याला दिवसाची मजुरी द्या, हजार रुपये द्या, आनंदाने द्या. फुकटात नेलेल्या मिस्त्रीला समोरचाही काही देऊ शकतो. तुम्ही पैसे दिले की तो तुमचा.

आणि इथेच गुरुजींशी भाव कसा करायचा याचं उत्तर आहे. तुम्ही भाव करूच नका. मिस्त्रीला गुरुजींच्या ओसरीवर बसवा, चहा होऊ द्या, आणि दोघांच्या समोर कागदावर यादी करायला सांगा. चार टायर, वर्षं झाली. बॅटरी. पुढचे ब्रेक पॅड. लोअर आर्म. प्रत्येकासमोर खर्च. टायरचं वय मिस्त्रीच दाखवेल. बाजूवर शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. यवतमाळच्या पुढे वर्ध्यापर्यंत तुम्ही चारपदरी ३६१ नंबरच्या हायवेवर जाणार, उन्हात तापलेल्या रस्त्यावर जुना टायर फुटतो, त्यात वाद घालायला जागा नाही. यादीची बेरीज २२ हजार आली तर कागद गुरुजींच्या हातात द्या आणि म्हणा, "गुरुजी, तुम्हीच सांगा." आयुष्यभर ज्याने पेपर तपासले तो माणूस बेरीज मान्य करतो. वरून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा जुन्यांचे भाव आधीचेच कसे राहतील, हे गुरुजींच्या मुलाला सांगा. गुरुजींना नको. माझ्या अंदाजाने १ लाख १० ते १ लाख १५ हजारांवर गाडी जुळावी. १ लाख २० च्या वर जाऊ नका.

गाडी बिघडली तर गावात तोंड कसं दाखवायचं, हीच भीती गुरुजींनाही आहे, हे लक्षात घ्या. म्हणून ती यादी दोघांच्या सह्या करून दोन प्रतींत ठेवा. पुढे यादीतलं काही निघालं तर तुमचं, यादीबाहेरचं निघालं तरी तुमचंच, कारण मिस्त्री तुमचा होता. हे आधीच बोलून घेतलं की पारावर चर्चेला विषय उरत नाही.

कागदांचं आता भराभर सांगतो. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून आरसीवरचं नाव, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी आणि थकलेले ई-चलान पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवायचा. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्याशी मिस्त्रीकडून जुळवून घ्या. इंधनाच्या रकान्यात फक्त पेट्रोल आहे का तेही पाहा. त्या काळात एलपीजीची वॅगन-आरही येत असे, आणि तुमच्याकडे एलपीजी भरायचं कुठे? सीएनजी किट बसवलेली असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागलेली नसेल तर ती गुरुजींकडूनच लावून घ्या.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्याच आठवड्यात ट्रान्सफर टाका. 'नावावर काय, सावकाश करू' असं गावात नेहमी होतं. याचा धोका तुमच्यापेक्षा गुरुजींना जास्त आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गुरुजींना हे सांगा, ते स्वतःच तुम्हाला यवतमाळच्या आरटीओत घेऊन जातील. ट्रान्सफर होईपर्यंत एक डिलिव्हरी नोट करा, त्यावर गाडी हातात दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचं असतं. गुरुजींचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्यांच्याकडेच राहतो. एवढ्या जुन्या गाडीला मी फक्त थर्ड पार्टी विमा घेतला असता. हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २०२२ च्या दरपत्रकात तो जीएसटी सोडून २,०९४ रुपये आहे. पण तो चुकवायचा नाही. टोकन द्यायचं तर दोन हजार, पावती घेऊन. बाकी बँकेतून.

एक तारीख मात्र डायरीत लिहून ठेवा. या गाडीची नोंदणी डिसेंबर २०२७ ला संपते. पंधरा वर्षं झाली की गाडी तपासून आरसी पाच वर्षांसाठी पुन्हा करून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी याची फी ५ हजार आहे, शिवाय पर्यावरण कर. हेही यादीत नाही पण भावात धरा. २०१० किंवा २०११ ची गाडी 'पन्नास हजारात देतो' म्हणून कोणी आलं तर आधी आरसीची मुदत विचारा, म्हणजे स्वस्ताईचं कारण कळेल.

१ लाख ६० मधले उरलेले चाळीस-पन्नास हजार खर्चायचे नाहीत. जुन्या गाडीची किंमत दोन वेळा भरावी लागते, एकदा मालकाला आणि पुढच्या सहा महिन्यांत मिस्त्रीला. यादीतले टायर आणि ब्रेक लगेच करा. ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल, गुरुजींनी परवाच बदललं म्हणाले तरी बदला, म्हणजे तुमचा हिशेब शून्यापासून सुरू होईल. पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून कडक झालेल्या बदलून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, २०१२ ची गाडी त्याच्यासाठी बनलेली नव्हती. त्यामुळे एवरेजही थोडा कमी पडेल. घाबरण्यासारखं नाही, पण टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका, आणि बोनेटमधून पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे जा.

आईला घेऊन जायच्या आधी एकदा रिकामी गाडी यवतमाळपर्यंत नेऊन आणा, भर दुपारी, एसी लावून. परत आल्यावर अंगणात पुठ्ठा टाकून त्यावर रात्रभर उभी ठेवा, सकाळी कशाचा थेंब पडलाय ते पाहा. डिक्कीतला जॅक आणि पाना गुरुजींच्या घरी राहिला असेल, तो आठवणीने मागून घ्या. आणि स्टेपनीत हवा भरा, ती कोणीच भरत नाही.